काड्यांचे गलबत : एका सावकाश छंदाविषयी



भिलाईपासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. येथे भट्टीचा लाल उजेड आकाशावर पडलेला दिसतो, पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू येतो. भरती-ओहोटी मात्र भूगोलाच्या पुस्तकातूनच माहीत होते. अशा गावातील शाळेच्या हीरक महोत्सवात लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींवर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या तर हे नवल उरत नाही.

पहिली गोष्ट लोखंडाची. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारताची स्वदेशी विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. २६२ मीटर लांबीच्या या नौकेसाठी ‘सेल’ने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले. ते बोकारो, राउरकेला आणि भिलाई येथील कारखान्यांतून गेले. ज्या हातांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नसेल, अशा कितीतरी हातांची मेहनत आज समुद्रावर तरंगते आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते आणि महानदी कटकवरून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कटकमध्ये कार्तिक पौर्णिमेच्या दिवशी ओडिया माणसे केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या किंवा शोल्याच्या चिमुकल्या होड्या करतात, त्यांत दिवा लावतात आणि पहाटे पाण्यात सोडतात. दूरदेशी व्यापारास निघालेल्या कलिंगाच्या जहाजांची ही आठवण आहे. तिला ‘बोइत बंदाण’ म्हणतात. भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या ओडिया कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. जहाज गेले, व्यापार गेला, राज्येही गेली, पण केळीच्या सोपटाची वीतभर होडी उरली. प्रतिकृती म्हणजे काय, हे समजण्यास यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

माणसाने जहाज बांधायला घेतले, तेव्हापासूनच बहुधा त्याने लहान जहाजही घडवले असावे. गुजरातेतील लोथल येथे हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या होड्या सापडल्या आहेत. त्या मुलांची खेळणी होत्या की देवाला वाहिलेल्या वस्तू, यावर विद्वान वाद घालतात. पण त्या घडवणाऱ्याने खरी होडी निरखून पाहिली होती, एवढे निश्चित. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडच्या आरमारासाठी नव्या युद्धनौकांच्या अत्यंत नेमक्या प्रतिकृती घडवल्या जात. प्रमाण बहुधा अठ्ठेचाळिसास एक, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट तो प्रतिकृतीत पाव इंच. तळाकडील फळ्या मुद्दाम न लावता बरगड्या उघड्या ठेवल्या जात, म्हणून आतील रचना स्पष्ट दिसे. अशा अनेक प्रतिकृती ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात आजही आहेत. मूळ जहाजे मात्र केव्हाच सडली, बुडाली किंवा मोडीत निघाली.

याच छंदाचे आणखी एक पान करुण आहे. नेपोलियनच्या काळातील युद्धांत हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे अडकून पडले. पीटरबरोजवळील नॉर्मन क्रॉसची छावणी त्यांपैकी एक. सुटका कधी होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. या कैद्यांनी शिध्यातील मांसाची उरलेली हाडे उकळून स्वच्छ केली, त्यांच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि त्या पट्ट्यांची जहाजे बांधली. तोफा, डोलकाठ्या, दोरखंड, सारे काही त्यांत होते. छावणीच्या बाजारात ती विकून चार पैसे मिळत, हे खरे. पण ज्या माणसाच्या हाती वेळेखेरीज काहीच उरले नव्हते, त्याने त्या वेळेचे काय केले, हे त्या हाडांच्या जहाजांतून दिसते. त्याने वेळ मारला नाही, वेळ घडवला.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी माणसाचा समुद्राशी असलेला संबंध शाळेत शिवचरित्राच्या निमित्ताने येतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्या कामी रुई लैतांव व्हिएगस याच्या हाताखालील पोर्तुगीज माणसे नेमली होती; आपल्या सरकारचा इशारा मिळताच ती काम टाकून निघून गेली. परक्याच्या हातातले कसब परक्याबरोबर जाते, हा धडा तेथे मिळाला. पुढे कोकणातील सुतार, लोहार आणि खलाशी यांच्याच हातांनी आरमार उभे राहिले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या आरमाराने इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही सत्तांना जेरीस आणले.

ती जहाजे दिसत कशी होती? अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पण मध्यापासून पुढे निमुळती होत जाई, आणि तिची नाळ चोचीसारखी पुढे आलेली असे. त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा हे तिचे वैशिष्ट्य. गलबत याच घडणीचे, पण लहान, फार तर ७० टनांचे. त्याला दोन डोलकाठ्या असत. मोठ्या डोलकाठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड असे. वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ही लावून ते ताशी चार मैलांच्या वेगाने हाकारता येई. मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत खोळंबलेली असताना ही गलबते गुराबींना दोर बांधून ओढत नेत आणि शत्रूला गाठत.

इतके तपशील हाती असूनही मराठ्यांच्या त्या आरमारातले एकही जहाज आज शिल्लक नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रज फौजेने हल्ला केला. पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूस होती, ही इतिहासातील बोचरी नोंद आहे. तोफांच्या माऱ्यात बंदरात एकमेकांशेजारी नांगरलेल्या जहाजांना आग लागली आणि पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार जळून गेले. केवळ लाकूड जळाले असते तर पुन्हा बांधता आले असते. ती जहाजे बांधणाऱ्या सुतारांनी कागदावर आराखडे काढून ठेवले नव्हते. फळीला बाक किती द्यावा, नाळ किती पुढे काढावी, डोलकाठी किती कलती ठेवावी, हे सारे त्यांच्या हातांत आणि डोळ्यांत होते. हात थकले, डोळे मिटले, आणि ते ज्ञान गेले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीच्या काठी त्या काळच्या गोदीचे अवशेष आहेत. गोदी आहे, जहाज नाही.

याच्या उलट उदाहरण पाहा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिचे आराखडे घेऊन इंग्लंडहून निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाले, आणि आराखड्यांच्या नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. प्रती पाठवता आल्या, कारण मूळ कागद जपलेले होते. मुंबईच्या सुतारांचे कसब आणि जपलेला कागद, या दोहोंमुळे ती नौका दोनशे वर्षांनंतरही डोळ्यांनी पाहता येते. कोकणच्या सुतारांचे कसब काही कमी नव्हते. कमी होता तो कागद.

म्हणून मराठी माणसाने गुराबेची किंवा गलबताची प्रतिकृती करायला घेतली, की तो केवळ शोभेची वस्तू करीत नसतो. त्याच्यापुढे ऑर्मचे वर्णन असते, काही जुनी चित्रे असतात, कोकणच्या खाड्यांतून अलीकडपर्यंत चाललेल्या मचव्यांची आणि पडावांची घडण असते. या तुकड्यांतून त्याला अख्खे जहाज जुळवावे लागते. जेथे पुरावा आहे तेथे पुराव्याशी इमान राखावे लागते, आणि जेथे तर्क केला आहे तेथे ‘हा तर्क आहे’ असे प्रामाणिकपणे टिपून ठेवावे लागते. इतिहासाच्या तासाला हीच शिस्त शिकवायची असते. येथे ती बोटांच्या टोकांतून शिकता येते.

हे काम किती दूरवर जाऊ शकते, याचे ताजे उदाहरण समोर आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे एक चित्र आहे. अशा प्राचीन चित्रांच्या आधारे पाचव्या शतकातील जहाज पुन्हा बांधायचे असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात त्याचा तळाचा कणा घातला गेला. केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली, एकही खिळा न मारता फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून काढल्या. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने चित्रावरून घडण ठरवली गेली आणि चेन्नईच्या आयआयटीमध्ये तिची प्रतिकृती पाण्यात घालून तपासली गेली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ही ‘कौंडिण्य’ नौका नौदलात दाखल झाली. भिंतीवरच्या चित्रापासून समुद्रावरच्या जहाजापर्यंतच्या वाटेत मधला मुक्काम प्रतिकृतीचाच होता.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण छंदाची थोरवी गाणे सोपे, पण त्याचे खरे मोल कामाच्या क्रमात कळते.

आरंभी तळाचा कणा. प्लायवूडच्या किंवा कडक लाकडाच्या पट्टीवर तो कापून घ्यायचा आणि त्यात ठरावीक अंतराने आडव्या खाचा पाडायच्या. त्या खाचांत बरगड्या बसवायच्या. प्रत्येक बरगडी कण्याशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्याने पाहायचे. येथे एक बरगडी केसभर कलली, तर तो दोष आज दिसत नाही. महिन्याभराने फळ्या लावताना दिसतो. मग फळ्या. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, उष्णतेने हळूहळू बाक द्यायचा, टोकांकडे निमुळत्या तासायच्या आणि फेविकॉल लावून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवायच्या. फळी डाव्या बाजूस एक लावली की उजव्या बाजूस लगेच तिची जोडीदार लावायची. एकाच बाजूच्या फळ्या भराभर लावत गेले, तर वाळताना त्या ओढ घेतात आणि कणाच पिळवटतो. एका बैठकीत दोन फळ्या, फार तर चार. मग रात्रभर थांबायचे. गोंद वाळण्याची घाई कोणाच्याही हुद्द्यामुळे, गुणांमुळे किंवा रागामुळे करता येत नाही.

त्यानंतर सांध्यांवर पॉलिश पेपर फिरवणे, बांबूच्या सळ्यांच्या बारीक मेखा करणे, डोलकाठी टोकाकडे निमुळती तासणे. शेवटी दोऱ्या. सुती दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे त्याचे तंतू सुटत नाहीत. युरोपीय धाटणीच्या जहाजात खलाशी ज्या दोरीच्या शिड्यांवरून डोलकाठीवर चढत, त्या शिडीला २५ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीस ५ गाठी धरल्या, तर एका शिडीस १२५ गाठी. अशा चार शिड्यांना ५००. सगळ्या गाठी सारख्या. त्या मानाने एका तिकोनी शिडाचे आपले गलबत सोपे, आणि नवशिक्यास म्हणूनच योग्य.

या कामात गणित पावलोपावली येते. वीस मीटर लांबीचे गलबत पन्नासास एक या प्रमाणात केले, तर ते ४० सेंटिमीटरचे होते. त्यावर उभा १६५ सेंटिमीटर उंचीचा तांडेल ३.३ सेंटिमीटरचा होतो. पाच सेंटिमीटर जाडीचा दोर एक मिलिमीटरचा होतो. येथवर सारे सरळ भागाकाराचे. पण वजन? लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पन्नासपटीने घटली, म्हणजे घनफळ एक लाख पंचवीस हजारपटीने घटले. सत्तर टन वजनाचे जहाज साडेपाचशे-साठ ग्रॅमचे होते, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे जास्त. नववीच्या वर्गात फळ्यावर घन सोडवताना जो विद्यार्थी कंटाळतो, त्याच्या हातात हे गलबत ठेवले की घन म्हणजे काय ते त्याला तळहातावर जाणवते. इंग्लंडमधील विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८७२ च्या सुमारास मेणाच्या प्रतिकृती लांब हौदातून ओढून जहाजांना पाण्याचा विरोध किती होतो ते मोजले. त्याच्या नियमाप्रमाणे पंचविसास एक या प्रमाणातली प्रतिकृती खऱ्या जहाजाच्या एक पंचमांश वेगाने चालवली, म्हणजे तिच्याभोवती तशाच लाटा उठतात. लांबीचे प्रमाण पंचवीस, वेगाचे पाच. पाच हे पंचविसाचे वर्गमूळ. आजही जगभरची मोठी जहाजे बांधण्यापूर्वी अशा हौदांतून त्यांच्या प्रतिकृती तपासल्या जातात.

येथे पालकांच्या मनात येणारे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना बगल देणे योग्य होणार नाही. पहिला प्रश्न, याने गुण वाढतात का? प्रामाणिक उत्तर असे की, गुणपत्रिकेत याचा रकाना नाही. दुसरा प्रश्न, वेळ कोठून आणायचा? शाळा, शिकवणी, स्पर्धा परीक्षांची तयारी यांत मुलाचा दिवस आधीच कोंबून भरलेला असतो. तिसरा प्रश्न पैशाचा. तयार संच परदेशातून मागवायचा तर तो मध्यमवर्गीय घराला परवडत नाही.

पैशाचा प्रश्न सर्वांत सोपा. छत्तीसगड हा रानांचा प्रदेश आहे. येथे बांबू मुबलक आहे, आणि फळ्यांसाठी, मेखांसाठी, परबाणासाठी बांबूसारखे स्वस्त द्रव्य नाही. ज्याला मराठीत शिवण आणि इकडे खम्हार म्हणतात, ते लाकूड हलके आणि कोरण्यास सोपे. हळदूचे लाकूड पिवळसर, बारीक पोताचे. त्याच्या कंगव्या होत असत. सुताराच्या दुकानातील कपटे, फळांच्या पेट्यांच्या फळ्या आणि आईस्क्रीमच्या काड्या हेही चालते. गंमत अशी की, ज्या सागवानाने खरी जहाजे शतकभर टिकली, ते सागवान प्रतिकृतीस फारसे योग्य नाही. त्याचे रेषेदार पोत लहान प्रमाणात भरड दिसते. हत्यारे म्हणाल तर बारीक पात्याची करवत, लहान रंधा, पटाशी, कानस आणि गुण्या. धारदार हत्यार वापरताना मोठे माणूस जवळ हवे, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

वेळेच्या प्रश्नाचे उत्तर अधिक गंभीर आहे. आजच्या मुलाला कमी वेळ मिळतो असे नव्हे. त्याला तुटलेला वेळ मिळतो. पडद्यावर दर काही सेकंदांनी काहीतरी नवे येते, आणि मन त्या गतीला सरावते. मग धड्याचे सलग दहा ओळींचे वाक्य वाचणे त्याला जड जाते, भूमितीची सिद्धता मध्येच सुटते, आजीची गोष्ट लांबते. हा दोष मुलांचा नाही. सावकाश गोष्टींचा सराव त्यांना मिळालेलाच नाही. आठवड्यातून दीड-दोन तास, तेही सलग, एकाच कामावर घालवणे हा सराव आहे. काम असे हवे की, ज्यात चूक लपवता येत नाही आणि फळ लगेच मिळत नाही. चुकलेली फळी गरम पाण्याने सोडवावी लागते, पुन्हा कापावी लागते, पुन्हा लावावी लागते. त्यावर कोणी रागावत नाही, कोणी गुण कापत नाही. गलबतच सांगते की हे बसले नाही. अपयश शांतपणे दुरुस्त करण्याची ही सवय ज्याला लागली, त्याला दहावी-बारावीच्या निकालाचे ओझेही थोडे हलके वाटेल. निदान एका परीक्षेने आयुष्य बुडत नाही, एवढे त्याच्या हातांना ठाऊक असेल.

धीर या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्याच परंपरेने सांगितला आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे. जहाजांना लागणारे लाकूड कोठून आणावे, याचा तेथे बारकाईने विचार केला आहे. राज्यातील अरण्यांतील सागवानादि वृक्ष परवानगीने तोडावेत, परंतु आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांस हात लावू देऊ नये, असे ते बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी जपून वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालेच असेल, तर मालकाला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच घ्यावे. युद्धासाठी जहाजे हवी असताना, शत्रू दारात असताना, राज्याने रयतेच्या आंब्याच्या वाढीचा काळ मोजला, ही साधी गोष्ट नव्हे. जहाज बांधणाऱ्याचा धीर काही महिन्यांचा. त्यामागे झाड लावणाऱ्याचा धीर काही पिढ्यांचा. चांगले सागवान तयार होण्यास पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात. साठ वर्षांची शाळा आणि साठ वर्षांचे सागाचे झाड यांचे वय सारखेच. दोन्ही लावणारे आणि दोन्हींची सावली घेणारे सहसा वेगळे असतात.

मराठी माध्यमाच्या शाळेत या छंदाला आणखी एक कारण आहे. वस्तू गेली की तिच्याबरोबर शब्द जातात. डोलकाठी, परबाण, सुकाणू, नाळ, उलांडी, वल्हे, नांगर, तांडेल, शिबाड, मचवा, पडाव हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर रोजच्या वापरातले होते. भिलाईतील मराठी मुलाला ते शब्दकोशातच भेटतात. सुकाणू हा शब्द वृत्तपत्रात ‘पक्षाचे सुकाणू’ म्हणून येतो, पण सुकाणू फिरवले की जहाज का वळते, हे ठाऊक नसेल तर ते रूपक पोकळच राहते. ज्या मुलाने काडीएवढे सुकाणू स्वतः तासून बसवले, त्याच्यापुरता तो शब्द पुन्हा जिवंत झाला. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भाषा टिकवण्यासाठी गाणी, नाटके, गणेशोत्सव यांचा आधार घेतला, तो उचितच होता. त्यांच्या जोडीला हाताच्या कामाची भाषाही टिकायला हवी, कारण भाषेचा मोठा साठा देवघरापेक्षा सुतारकामाच्या कट्ट्यावर, स्वयंपाकघरात आणि शेतावर असतो.

आणि भिलाईला एक गोष्ट अशी लाभली आहे, जी फार थोड्या गावांना लाभते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या येथे फिटर, टर्नर, वेल्डर, नमुने घडवणारे, आराखडे काढणारे हात तयार झाले. ओतीव काम करण्यापूर्वी लाकडाचा नमुना करावा लागतो आणि लोखंड थंड होताना आकसते म्हणून तो नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो, हे येथील घराघरांत कोणाला तरी माहीत आहे. असे किती तरी जण आज निवृत्त होऊन सकाळी फिरायला जातात, वर्तमानपत्र वाचतात आणि दुपार कशी घालवावी याचा विचार करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी त्यांची नजर आणि हत्यार धरण्याची त्यांची पद्धत नातवंडांपर्यंत पोहोचली नाही, तर विजयदुर्गाच्या बंदरात जे घडले तेच येथे, धूर न दिसता, घडेल. कोकणच्या सुतारांनी कागद ठेवला नाही. आपण नातू तरी तयार करू शकतो.

म्हणून व्याख्यानाचा शेवट उपदेशाने न करता एका कामाने करावा, हे बरे. शाळेतील एका खोलीत एक लांब बाक, दोन व्हाइस, चार करवती आणि एका कपाटाची सोय होऊ शकते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे हात कारखान्यात घडले, त्यांनी शनिवारी दुपारी दोन तास द्यावेत. पालकांनी त्या दोन तासांत मुलाला शिकवणीला न पाठवण्याचे धाडस करावे. विद्यार्थ्यांनी पन्नासास एक प्रमाणाचे चाळीस सेंटिमीटरचे एक गलबत हाती घ्यावे, आणि कामाची वही ठेवावी. कोणते माप कोठून घेतले, तर्क कोठे केला, कोणती फळी किती वेळा सोडवून पुन्हा लावली, हे सारे त्या वहीत मराठीत लिहावे. जून महिन्यात कणा घातला, तर कार्तिक पौर्णिमेपर्यंत फळ्या पुऱ्या होतील, आणि वर्षाच्या अखेरीस शीड चढेल.

गलबत कपाटात ठेवता येईल, पण वही मात्र पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. पुढच्या वर्षीचे गलबत तिच्यावरून आणखी चांगले होईल.